पोटगीचा हुकूम आणि हातात पडणारी रक्कम

कौटुंबिक कायद्याबद्दल लिहायचं म्हटलं की लोक घटस्फोटापासून सुरुवात करतात. पण कोर्टाच्या बोर्डावर सर्वात जास्त काळ रेंगाळणारा, आणि घरातल्या चुलीशी थेट जोडलेला विषय पोटगीचा आहे. ‘दरमहा १२,००० रुपये द्यावेत’ असा हुकूम होतो, नक्कल मिळते, पेढे वाटले जातात आणि पुढचं वर्षभर खात्यात एक रुपया येत नाही. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर वादीचा अर्ज आणि नवऱ्याचं ‘म्हणणं’ यांपेक्षा दोन कागदांकडे जास्त बघावं लागतं: मालमत्ता-उत्पन्नाचं शपथपत्र आणि वसुलीचा अर्ज. पहिल्या कागदावर रक्कम ठरते, दुसऱ्यावर ती मिळते. बाकी वीस पानी आरोपांचा उपयोग फार मर्यादित असतो.

आधी कुठल्या कायद्याखाली जायचं ते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं ‘कलम १२५’ अजून सगळ्यांच्या तोंडात आहे, पण १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलंय. मजकूर जवळपास तोच. स्वतःचा खर्च भागवू न शकणारी पत्नी, अज्ञान मुलं (औरस असोत वा अनौरस), शारीरिक-मानसिक व्यंगामुळे कमवू न शकणारी सज्ञान मुलं, आणि वृद्ध आईवडील अशा सगळ्यांना हे कलम लागू आहे. घटस्फोट झालेली पण पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही इथे ‘पत्नी’च धरली जाते. धर्माचा प्रश्न नाही. मुस्लिम घटस्फोटित स्त्रीलाही हा मार्ग खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मोहम्मद अब्दुल समद प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं. गोव्यात लग्न आणि मालमत्तेला पोर्तुगीज नागरी संहिता लागू असली, तरी कलम १४४ तिथेही चालतं.

दुसरा मार्ग हिंदू विवाह कायदा, १९५५. घटस्फोटाचा, नांदायला यायचा किंवा लग्न रद्द करण्याचा दावा चालू असेल तर कलम २४ खाली दावा संपेपर्यंतची पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. इथे ‘पत्नी’ असं लिहिलेलं नाही, तर नवरा-बायको दोघांपैकी कोणीही मागू शकतं. निकालाबरोबर किंवा नंतर कायमची पोटगी कलम २५ खाली. तिसरा मार्ग कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. त्यात कलम २० खाली पैसे मिळतातच, शिवाय कलम १९ खाली राहण्याचा हक्कही मागता येतो. नवऱ्याच्या नावावर घर नसलं, सासूसासऱ्यांच्या नावावर असलं, तरी ती तिथे संसार करत होती तर ते ‘सामाईक घर’ ठरू शकतं, असं २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात ठरलं. चौथा, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६. तो कमी वापरला जातो, पण मुलगी १८ वर्षांची झाली की त्याची खरी गरज पडते. त्याबद्दल पुढे.

यातला एकच निवडायला हवा का? नाही. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी अर्ज करता येतात आणि बरेच वकील करायलाही लावतात. मात्र रकमा एकावर एक रचल्या जात नाहीत. आधीच्या कोर्टाने ८,००० दिले असतील तर दुसरं कोर्ट १२,००० ठरवताना ते ८,००० धरून घेतं, म्हणजे वरचे ४,०००च पदरात पडतात. आणि आधीच्या प्रकरणाची माहिती दुसऱ्या अर्जात देणं बंधनकारक आहे. ती लपवली की समोरच्या वकिलाला उलटतपासणीत आयता मुद्दा मिळतो. स्पष्टच सांगायचं तर, राहायला जागा नसेल किंवा मारहाण असेल तर हिंसाचार कायद्याचा अर्ज करावा. नुसता पैशांचा प्रश्न असेल तर कलम १४४ चा एकच अर्ज नीट चालवावा. तीन अर्ज म्हणजे तीन ठिकाणच्या तारखा, आणि एसटीचं भाडं तिकीट काढणाऱ्यालाच भरावं लागतं.

अर्ज माहेरच्या गावातून करता येतो. कलम १४५ प्रमाणे नवरा जिथे आहे तिथे, तो किंवा बायको जिथे राहते तिथे, किंवा दोघं शेवटी जिथे एकत्र राहिले तिथे अर्ज चालतो. त्यामुळे पुण्यात नांदलेली आणि आता उदगीरला आईकडे राहणारी बाई उदगीरलाच अर्ज करू शकते. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात, नसेल तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. महाराष्ट्रात स्त्रियांना पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादांत कोर्ट फी माफ आहे, १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने. तरीही स्टँपच्या नावाखाली पैसे मागितले जातात. उरतो तो टायपिंग, झेरॉक्स, नोटरीचा आणि वकिलाचा खर्च. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला मागितला तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ दाखवावं. हेल्पलाइन १५१००.

कौटुंबिक न्यायालयात एक वेगळेपण आहे. तिथे वकील हा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. प्रत्यक्षात परवानगीचा छोटा अर्ज देऊन ती बहुतेक वेळा मिळते. पहिल्या तारखांना प्रकरण विवाह समुपदेशकाकडे पाठवलं जातं. त्यांच्यापुढे तडजोडीसाठी मोकळेपणाने बोलायला हरकत नाही, पण ‘मला काही नको, फक्त सोडचिठ्ठी द्या’ असं वैतागून लिहून देऊ नये. सहीचा कागद वाचल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

अर्जात काय असावं? लग्नाची तारीख आणि जागा, मुलांची नावं आणि जन्मतारखा, वेगळं राहायला कधी आणि का लागलं, नवऱ्याचं काम आणि अंदाजे उत्पन्न, स्वतःचं उत्पन्न (असेल तर खरं), दरमहा खर्च. एवढंच. पाच-सहा पानं पुरतात. मागणीत तीन गोष्टी मात्र स्वतंत्रपणे लिहाव्यात. एक, पोटगी ‘अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून’ मिळावी. हा आता सर्वसाधारण नियम असला, तरी लिहिलेलं बरं. दोन, पत्नीसाठी वेगळी रक्कम आणि प्रत्येक मुलासाठी वेगळी. सगळ्यांना मिळून ‘२०,०००’ असा गोळाबेरीज हुकूम झाला की मोठा मुलगा १८ चा झाल्यावर त्यातून किती वजा करायचे, यावर नवा वाद होतो. शिवाय पत्नीचा दावा एखाद्या कारणाने अडला तरी मुलांचा अडत नाही, पण तो आकडा वेगळा दिसायला हवा. तीन, रक्कम दरमहा अमुक तारखेच्या आत, अमुक बँकेच्या अमुक खात्यात जमा करावी. खाते क्रमांक हुकुमात आला की ‘मी रोख दिले होते’ हा बचाव बराच पांगळा होतो.

अंतरिम पोटगीचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज त्याच दिवशी, वेगळा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा असं कायदा म्हणतो. ‘शक्यतो’ या शब्दातच सगळं आलं.

आता शपथपत्र. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिला. प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं. त्या निकालाने पोटगीच्या प्रकरणांची घडीच बदलली. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. निकालाला नमुने जोडलेले आहेत: एक सर्वसाधारण, एक शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी आणि एक मेघालयासाठी. अर्जदाराने ते अर्जासोबतच द्यायचं, समोरच्याने हजर झाल्यावर चार आठवड्यांत. वेळ मागायची तर जास्तीत जास्त दोनदा. तरी टाळाटाळ केली तर बचाव काढून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. आणि अंतरिम पोटगीचा निकाल चार ते सहा महिन्यांत व्हावा असं निकालातच म्हटलंय.

हे शपथपत्र भरताना सगळ्यात जास्त चुका अर्जदाराच्या बाजूनेच होतात. नमुन्यातले रकाने ‘निरंक’, ‘निरंक’, ‘लागू नाही’ असे भरून टाकले जातात. बँक खाती, सोनं, माहेरून मिळालेलं काही, शिक्षण, पूर्वीची नोकरी, सगळं विचारलेलं असतं आणि सगळं लिहायचं असतं. शिवणकामातून ४,००० मिळत असतील तर ४,००० लिहावेत. बायको कमावते म्हणून पोटगी मिळत नाही, हा समज चुकीचा आहे. प्रश्न असतो तो त्या कमाईत नवऱ्याच्या घरी होतं तसं राहणीमान ठेवता येतं का, हा. पण ४,००० लपवले आणि यूपीआयच्या नोंदींतून ते बाहेर आले, की तिच्या बाकीच्या ३० उत्तरांवरचा विश्वासही जातो. ‘कमवू शकते’ आणि ‘कमावते’ यांत फरक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा सांगितलंय. त्यामुळे बी.एड. पदवी असणं म्हणजे पगार असणं नव्हे. ती पदवी लपवण्यात काहीच अर्थ नाही.

खर्चाच्या रकान्यात गोल आकडे टाकू नयेत. ‘किराणा १०,०००, औषधं ५,०००, इतर ५,०००’ असं लिहिलं की न्यायाधीश ते आपोआप निम्मं करतात. त्यापेक्षा घरभाडं ५,५०० (भाडेकरार किंवा घरमालकाला केलेलं ऑनलाइन पेमेंट), गॅस, वीजबिल, मुलाची शाळेची फी ३२,४०० वर्षाला म्हणजे महिन्याला २,७०० (पावती), रिक्षा ९००, आईच्या नावावर लिहून आणलेल्या किराण्याच्या तीन महिन्यांच्या पावत्या, असं मांडावं. पावतीचा क्रमांक समोर लिहावा. दिसायला हे किरकोळ वाटतं, पण समोरच्याचा वकील ज्या ओळीवर बोट ठेवेल त्या ओळीला कागद असला पाहिजे.

नवऱ्याचं उत्पन्न कसं सिद्ध करायचं? नोकरदार असेल तर सोपं. फॉर्म १६, पगारपत्रकं, आयकर विवरणपत्र, सहा महिन्यांचा बँकेचा उतारा हजर करायला लावण्याचा अर्ज द्यायचा, आणि नाही दिले तर नियोक्त्याला पगाराची माहिती देण्याचा आदेश मागायचा. आकडा हातात आल्यावर दुसरी लढाई सुरू होते: कपातींची. समजा एकूण पगार ६०,०००. भविष्य निर्वाह निधी १,८००, व्यवसाय कर २००. म्हणजे उरले ५८,०००. पण पगारपत्रकावर ‘हातात ४०,०००’ दिसतात, कारण पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता १४,००० आणि गाडीचा ४,०००. न्यायालयाने धरायचे ते ५८,०००, कारण वजा होतात त्या सक्तीच्या कपाती. स्वतःच्या मर्जीने काढलेल्या कर्जाचे, वाढवलेल्या निधीचे, विम्याचे हप्ते वजा होत नाहीत. पतसंस्थेच्या कर्जाची तारीख आवर्जून तपासावी. नोटीस मिळाल्यानंतर दीड महिन्यात काढलेलं ‘वैद्यकीय कारणासाठी’चं कर्ज हा फार जुना खेळ आहे.

धंदेवाल्याचं अवघड. आयकर विवरणपत्रात वर्षाला ३ लाख आणि दारात १५ लाखांची गाडी. इथे जीएसटीची नोंदणी, दुकानाच्या भाड्याचा करार, मुलांच्या आधीच्या शाळेची फी, गाडीची आरटीओ नोंद, क्रेडिट कार्डाची बिलं, परदेश प्रवास यांतून राहणीमान मांडायचं. फेसबुकवरचे फोटोही चालतात, पण इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हटला की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या कडक नियमांतून थोडी मोकळीक आहे, दंडाधिकाऱ्यांकडे तेवढं गृहीत धरू नये. आणि जी गोष्ट फक्त त्यालाच माहीत आहे ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. पुराव्याच्या कायद्यातलं जुनं कलम १०६, आता कलम १०९. ‘तिने माझं उत्पन्न सिद्ध केलेलं नाही’ असं म्हणून गप्प बसणाऱ्याच्या विरुद्ध निष्कर्ष काढता येतो, तो या आधारावर.

शेतकरी कुटुंबात तर सातबारा आणि आठ-अ हेच पहिले कागद. ते ऑनलाइन, डिजिटल स्वाक्षरीसह मिळतात. फक्त नवऱ्याच्या नावचा नव्हे, सासऱ्यांच्या नावचाही काढावा, कारण बहुतेक वेळा वाटणी झालेली नसते आणि ‘माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही’ हे उत्तर तयार असतं. पीकपाहणीत ऊस दिसत असेल तर कारखान्याचं बिल कोणत्या बँक खात्यावर जमा होतं ते शोधावं. दूध घालत असतील तर डेअरीच्या पगाराचे उतारे. बागायत चार एकर ऊस आणि शपथपत्रात ‘मोलमजुरी, रोज ३०० रुपये’, हे दोन कागद शेजारी ठेवले की जास्त युक्तिवाद करावा लागत नाही. आणि समजा खरंच मोलमजुरी असली तरी धडधाकट माणसाने अंगमेहनत करून बायकोमुलांना पोसायचं असतं, बेकारी हा बचाव नाही, ही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका २०२२ च्या अंजू गर्ग निकालात ठाम आहे.

मग रक्कम किती? ‘पगाराच्या २५ टक्के’ हा आकडा व्हॉट्सॲपवर कायम फिरत असतो. तो आला २०१७ च्या कल्याण डे चौधरी प्रकरणातून, जिथे निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा न्याय्य वाटतो असं म्हटलं गेलं. तो नियम नाही. रजनेश निकालाने कुठलंही ठरावीक सूत्र नाकारलंय. दोघांचा दर्जा, गरजा, शिक्षण, उत्पन्न, नवऱ्यावर अवलंबून असलेली बाकी माणसं, लग्नाला झालेली वर्षं, मुलांसाठी नोकरी सोडली असेल तर तेही, सगळं पाहून आकडा ठरतो. म्हणून मागताना पगाराच्या निम्मे मागायचे आणि तडजोड होईल ती होईल, या पद्धतीपेक्षा खर्चाच्या यादीतून निघणारा आकडा मागणं शहाणपणाचं.

समोरून येणारे बचाव ठरलेले असतात. ‘ती स्वतःहून निघून गेली.’ कायद्यात ‘पुरेशा कारणाशिवाय नांदायला नकार’ असे शब्द आहेत, म्हणून कारण आणि त्याचा कागद महत्त्वाचा: पोलिसांतली तक्रार, दवाखान्याची नोंद, मध्यस्थीच्या बैठकीत लिहिलेलं काही, त्या काळातले मेसेज. नवऱ्याने दुसरं लग्न केलं असेल किंवा दुसरी बाई ठेवली असेल तर वेगळं राहायला तेवढं कारण पुरतं. ‘मी नांदवायला तयार आहे’ हा दुसरा बचाव. त्यासाठी घाईघाईने हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ चा, म्हणजे नांदायला यायचा दावा टाकला जातो आणि एकतर्फी हुकूम मिळवला जातो. पण असा हुकूम तिच्याविरुद्ध झाला म्हणून पोटगी आपोआप जात नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये रीना कुमारी प्रकरणात ठरलंय. तरी त्या दाव्यात हजर राहावं. व्यभिचाराचा आरोप असेल तर एखादी घटना पुरत नाही, तसं राहणं चालू असल्याचं नवऱ्याला दाखवावं लागतं. परस्परसंमतीने वेगळं राहत असल्यास पोटगी मिळत नाही, ही अट मात्र खरी आहे. म्हणूनच स्टँपवर पंचांसमोर लिहिलेली ‘फारकत’ घातक. तिने घटस्फोट होत नाही, पण ‘दोघं राजीखुशीने वेगळे राहतात’ हे वाक्य तिथे काळ्यावर पांढरं होऊन बसतं.

पहिलं लग्न लपवून दुसरीशी लग्न केलं असेल तर? फसवल्या गेलेल्या त्या स्त्रीला नवरा ‘लग्नच बेकायदा आहे’ म्हणून पोटगी नाकारू शकत नाही. २०१३ चा बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे हा महाराष्ट्रातूनच गेलेला निकाल यासाठी वापरला जातो.

आता जिथे खरोखर महिने जातात ती जागा: समन्सची बजावणी. पत्त्यात ‘मु. पो.’ नंतर नुसतं गाव लिहिलं की बेलीफ ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून परत येतो. घराचा पत्ता, कामाच्या ठिकाणाचा पत्ता, मोबाइल क्रमांक, असेल तर ईमेल, सगळं अर्जातच द्यावं. प्रत्येक तारखेला रोजनामा (त्या दिवशीच्या कामकाजाची कोर्टातली नोंद) पाहावा. बजावणी न होता परत आलं असेल तर पुढची तारीख पडायची वाट न पाहता त्याच दिवशी पुन्हा समन्स काढण्याचा अर्ज द्यावा. नवरा मुद्दाम टाळत असेल तर एकतर्फी पुरावा घेऊन हुकूम करता येतो. असा हुकूम तो तीन महिन्यांच्या आत, सबळ कारण दाखवून रद्द करून घेऊ शकतो. म्हणून बजावणीचा पुरावा आधीच पक्का ठेवला तर ही वाट त्याला अवघड जाते.

नवऱ्यांसाठीही दोन गोष्टी, कारण त्यांच्याही चुका ठरलेल्याच. नोटीस आल्यावर नोकरी सोडू नये. राजीनाम्याची तारीख न्यायालय बघतंच. आणि मुलांच्या फीचे, औषधांचे पैसे द्यायचे तर खात्यावरून द्यावेत. रोख दिलेले, भावाच्या हाती पाठवलेले पैसे नंतर सिद्ध होत नाहीत. ‘मुलाला भेटू देत नाही म्हणून पोटगी देत नाही’ हेही चालत नाही, जसं ‘पोटगी देत नाही म्हणून भेटू देणार नाही’ हे चालत नाही. भेटीसाठी वेगळा अर्ज आहे.

वसुलीवर मात्र सावकाश थांबायला हवं, कारण हुकूम हातात पडल्यावर बहुतेक जणी प्रकरण संपलं असं समजतात. कलम १४४ च्या पोटकलम ३ प्रमाणे थकलेल्या रकमेसाठी वॉरंट मागायचं तर ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तीन वर्षं वाट पाहून ‘एकदम मोठा अर्ज करू’ म्हणणारीचे पहिले दोन वर्षांचे पैसे या मार्गाने मिळणं अडकतं. म्हणून दर सहा महिन्यांनी, फार तर दहा-अकरा महिन्यांनी, वसुलीचा अर्ज टाकायचाच. हुकूम अर्जाच्या तारखेपासून लागू झाला असेल तर मागची थकबाकीही हुकमानंतर वर्षाच्या आतच मागून घ्यावी.

अर्जाला एक तक्ता जोडावा: महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख, बाकी. उदाहरणार्थ १२,००० चा हुकूम, १० महिने, मध्ये दोनदा ५,००० आले. देय १,२०,०००, मिळाले १०,०००, बाकी १,१०,०००. सोबत त्या काळाचा बँक उतारा आणि हुकुमाची प्रमाणित नक्कल. मिळालेले ५,००० तक्त्यात न दाखवणं ही सर्वात महागात पडणारी चूक. वरच्या कोर्टात पहिला मुद्दा तोच होतो.

मग जप्तीचं वॉरंट निघतं. त्यात नवऱ्याची कुठली मालमत्ता जप्त करायची हे तुम्हीच सांगायचं असतं: गाडीचा नंबर, बँक खातं, पगार देणारी कंपनी, जमिनीचा गट क्रमांक. ‘चल मालमत्ता जप्त करावी’ एवढ्यावर वॉरंट गेलं तर ते ‘जप्त करण्याजोगी मालमत्ता मिळून आली नाही’ या शेऱ्यासह परत येतं. दंड वसूल करतात त्याच रीतीने ही वसुली होते, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखीही करता येते. स्थावर मालमत्ता असलेल्याच्या बाबतीत हा मार्ग फार कमी वापरला जातो, का ते कळत नाही. एवढं करूनही वसुली झाली नाही आणि न देण्याला पुरेसं कारण नाही, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत, किंवा पैसे भरेपर्यंत, कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून पैसे माफ होत नाहीत. १९८८ मध्येच कुलदीप कौर प्रकरणात ते स्पष्ट झालं. ‘महिनाभर आत बसतो, मग सुटलो’ असं सांगणाऱ्या मित्रमंडळींनी अनेकांना भलत्या खड्ड्यात घातलंय.

हिंदू विवाह कायद्याखालचा हुकूम दिवाणी दरखास्त (हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज) टाकूनही वसूल होतो. पगार जप्त करताना पोटगीच्या बाबतीत फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. म्हणजे ४५,००० पैकी ३०,००० पर्यंत हात पोचतो. इतर कर्जांच्या वसुलीपेक्षा ही सवलत खूप मोठी आहे. हिंसाचार कायद्यात तर कलम २० मध्येच नियोक्त्याला थेट पैसे वळते करण्याचा आदेश देता येतो. सरकारी किंवा मोठ्या कंपनीतल्या नोकरदारासाठी वसुलीची सगळ्यात बिनकटकटीची वाट हीच. कलम २५ खाली कायमची पोटगी मागताना ती रक्कम नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवून सुरक्षित करावी, अशी मागणी घालावी आणि हुकूम झाल्यावर तलाठ्याकडे जाऊन सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद करून घ्यावी. नुसता हुकूम घरात ठेवला तर दोन वर्षांनी जमीन विकलेली असते.

परिस्थिती बदलली तर कलम १४६ खाली रक्कम वाढवून किंवा कमी करून मागता येते. पगारवाढ झाली, मूल पहिलीतून आठवीत गेलं, आजार झाला, ही वाढीची कारणं. ते आपोआप होत नाही, नवा अर्ज, नवी शपथपत्रं. हुकुमातच दरवर्षी अमुक टक्के वाढ घालून घेता आली तर हा फेरा वाचतो. मुलगी १८ ची झाली की कलम १४४ खालची तिची पोटगी थांबते, पण हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे लग्न होईपर्यंत वडिलांकडून मागायचा तिला हक्क आहे. २०२० च्या अभिलाषा निकालाने हा फरक सांगितला. दंडाधिकारी दुसऱ्या कायद्याखालचा हुकूम देऊ शकत नाहीत, कौटुंबिक न्यायालय देऊ शकतं. मुलगी अकरावीत असतानाच याची तयारी करावी. आईवडिलांच्या पोटगीत मुलीही जबाबदार असतात, लग्न झालेल्यासुद्धा. १९८७ मध्ये विजया मनोहर आरबट प्रकरणात, कल्याणला डॉक्टरी करणाऱ्या मुलीच्या बाबतीत, तसं ठरलं.

शेवटी एकरकमी तडजोड. परस्परसंमतीच्या घटस्फोटात हीच जास्त होते. दोन अर्जांमध्ये सहा महिन्यांचा काळ असतो (योग्य प्रकरणात न्यायालय तो माफ करू शकतं), त्यामुळे पैसे कधी द्यायचे हे तडजोड पुरसिसमध्ये (कोर्टात दाखल करायच्या सहीच्या निवेदनात) टप्प्याने लिहावं: काही अर्ज दाखल होताना, काही बाकीच्या केसेस मागे घेताना, उरलेले दुसऱ्या वेळी संमती देताना, डिमांड ड्राफ्टने, ज्याचा क्रमांक न्यायालयासमोर नोंदला जाईल. पुढच्या तारखांचे धनादेश घेऊ नयेत. ‘स्त्रीधन परत मिळाले’ हे वाक्य दागिने मोजून हातात आल्यावरच लिहावं, वजनासकट. आणि पत्नी स्वतःचा हक्क सोडू शकते, मुलांचा नाही. ‘मुलांच्या पालनपोषणासाठी भविष्यात काहीही मागणार नाही’ अशी ओळ असलेली पुरसिस उद्या मुलांच्या अर्जाच्या आड येत नाही. पण ती तिथे राहू दिली तर त्या अर्जाच्या पहिल्या तारखेला वाद त्याच ओळीवर होईल. ती खोडून, खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या घेऊनच कागद पुढे द्यावा.